कोर्बिनियन ब्रॉडमन : मेंदूच्या भागांना क्रमांक देणारे डॉक्टर

मेंदूतील गाठीच्या किंवा अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांचा फंक्शनल एमआरआय केला जातो. त्याच्या अहवालात तुम्हाला ब्रॉडमन एरिया ४४, बीए ४ किंवा नुसते एरिया १७ असे शब्द दिसू शकतात. हा क्रमांक पाहून घरचे लोक घाबरतात. हा आजाराचा टप्पा आहे का, गाठीची श्रेणी आहे का, असे विचारतात. तसे काहीही नाही. हा क्रमांक म्हणजे मेंदूतील एका जागेचा पत्ता आहे आणि तो सर्वांच्याच मेंदूत असतो.

हे पत्ते ठरवणारे डॉक्टर म्हणजे जर्मनीचे कोर्बिनियन ब्रॉडमन. त्यांना जाऊन शंभरहून अधिक वर्षे झाली, तरी मेंदूविषयीची माहिती शोधताना आजही त्यांचे क्रमांक वापरले जातात. या लेखात त्यांचे आयुष्य समजून घेऊ. एकाच गोष्टीला अनेक नावे असली की माहिती कशी हरवते, आणि त्यावर आज काय उपाय केला जातो, हेही पाहू. याचा तुमच्या आजाराच्या फाइलशी थेट संबंध आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• ब्रॉडमन क्रमांक हा मेंदूतील जागा सांगतो, आजार किंवा त्याची तीव्रता नाही.
• मेंदूच्या एकाच भागाला, पेशीला किंवा आजाराला अनेक नावे असतात. त्यामुळे उपयोगी माहिती असूनही सापडत नाही.
• नावे आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती नोंदवणाऱ्या कोशाला ऑन्टॉलॉजी म्हणतात. त्याच्या मदतीने वेगवेगळ्या माहितीसाठ्यांत एकाच वेळी शोध घेता येतो.
• तुमच्या निदानाचे नेमके नाव, त्याची दुसरी नावे आणि कोड लिहून ठेवल्यास योग्य माहिती लवकर मिळते.

शेतकऱ्याच्या घरातून वैद्यकीय शिक्षणाकडे

ब्रॉडमन यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८६८ रोजी दक्षिण जर्मनीतील लिगर्सडॉर्फ या लहान गावात झाला. वडील शेतकरी होते. म्युनिक, वुर्झबर्ग, बर्लिन आणि फ्रायबुर्ग अशा चार ठिकाणी त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. १८९५ मध्ये त्यांना डॉक्टर म्हणून काम करण्याचा परवाना मिळाला.

पुढे काय करायचे, हे एका आजाराने ठरवले. तरुण ब्रॉडमन यांना घटसर्प झाला. आज आपण लहानपणी लस देऊन हा आजार टाळतो. त्या काळी तो जीवघेणा होता आणि त्यातून उठलेल्या माणसालाही बरेच दिवस अशक्तपणा राहत असे. प्रकृती सुधारावी म्हणून ते बव्हेरियातील आलेक्झांडरबाड या आरोग्यस्थळी गेले. तिथे मज्जाविकारांचे एक रुग्णालय होते आणि ते ऑस्कर फोग्ट चालवत होते. फोग्ट वयाने ब्रॉडमन यांच्यापेक्षा लहान होते, पण मेंदूच्या अभ्यासाने झपाटलेले होते. त्यांच्या सहवासात ब्रॉडमन यांनी मेंदू आणि मानसिक आजार हेच आपले क्षेत्र निवडले.

त्यानंतर त्यांनी लाइपझिगमध्ये विकृतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे येना येथील मनोरुग्णालयात काम करून १९०० मध्ये ते फ्रँकफर्टच्या महापालिकेच्या मनोरुग्णालयात आले.

फ्रँकफर्टमध्ये अल्झायमर यांची सोबत

या रुग्णालयात त्यांना आलोइस अल्झायमर भेटले. हे नाव तुम्हाला नक्की परिचित असेल. ज्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या तपासणीतून पुढे अल्झायमर आजाराची ओळख पटली, ती याच रुग्णालयात १९०१ च्या अखेरीस दाखल झाली होती.

अल्झायमर दिवसा रुग्ण तपासत आणि मृत्यूनंतर त्याच रुग्णांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. वागण्यातल्या बदलाचे कारण मेंदूच्या पेशींमध्ये सापडेल, असा त्यांचा विश्वास होता. ब्रॉडमन यांच्यावर याचा खोल परिणाम झाला.

पण इथे एक मोठी अडचण होती. आजारी मेंदूत काय बिघडले आहे, हे ओळखायचे तर निरोगी मेंदू त्या जागी कसा दिसतो, हे आधी ठाऊक हवे. आणि त्या जागेला सर्वांनी एकाच नावाने ओळखायला हवे. नाहीतर एका शहरातल्या डॉक्टरचे निरीक्षण दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला पडताळताच येणार नाही. त्या वेळी या दोन्ही गोष्टी पुरेशा उपलब्ध नव्हत्या.

बर्लिनमधील नऊ वर्षे

१९०१ मध्ये ब्रॉडमन बर्लिनला गेले. ऑस्कर फोग्ट आणि त्यांच्या पत्नी सेसिल फोग्ट यांनी तिथे मेंदू संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली होती. कामाची वाटणी झाली. चेतापेशींना जोडणाऱ्या तंतूंची रचना फोग्ट दांपत्याने पाहायची आणि पेशींची मांडणी ब्रॉडमन यांनी.

मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर राखाडी रंगाचा एक थर असतो. त्याला बाह्यक किंवा कॉर्टेक्स म्हणतात. त्याची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते. नुसत्या डोळ्यांनी तो सगळीकडे जवळजवळ सारखाच दिसतो. ब्रॉडमन मेंदूचे तुकडे पॅराफिन मेणात बसवत, त्यांचे अतिशय पातळ काप काढत आणि ते निस्सल यांच्या पद्धतीने रंगवत. या रंगामुळे चेतापेशींचे मुख्य भाग उठून दिसतात. मग एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, पेशी लहान आहेत की मोठ्या, दाट आहेत की विरळ, कोणता थर जाड आणि कोणता पातळ, हे नोंदवायचे आणि पुढच्या कापाकडे वळायचे. नऊ वर्षे त्यांचे हेच काम चालू होते. माणसाबरोबरच माकड, लेमूर, वटवाघूळ, ससा आणि काटेरी साळू (हेजहॉग) अशा अनेक प्राण्यांचे मेंदूही त्यांनी असेच तपासले.

तेव्हा बाह्यकाचे थर मोजण्यातही एकमत नव्हते. कोणी पाच थर मोजत, तर कोणी नऊपर्यंत जात. एका पुस्तकातला चौथा थर दुसऱ्या पुस्तकात वेगळाच असे. ब्रॉडमन यांनी गर्भावस्थेपासून मेंदूची वाढ तपासली आणि सस्तन प्राण्यांच्या बाह्यकाच्या मोठ्या भागाची मूळ रचना सहा थरांची असते, असे मांडले. आजही वैद्यकीय विद्यार्थी हेच सहा थर शिकतात.

१९०९ चा नकाशा

१९०३ ते १९०८ या काळात त्यांनी आपले निष्कर्ष लेखमालेतून छापले आणि १९०९ मध्ये सगळे एका ग्रंथात आणले. त्यातच तो प्रसिद्ध नकाशा आहे. मेंदूची बाहेरची आणि आतली बाजू रेखाटून त्यांनी प्रत्येक भागाला वेगळे चिन्ह आणि क्रमांक दिला.

यातले काही क्रमांक रुग्णांच्या दृष्टीने नेहमी कानावर पडणारे आहेत.

• एरिया ४ : शरीराच्या स्नायूंना हालचालीचा आदेश देणारा मुख्य भाग. इथे किंवा इथून निघणाऱ्या तंतूंना इजा झाली तर विरुद्ध बाजूच्या हातापायांतील ताकद जाते.
• एरिया १, २ आणि ३ : स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची जाणीव.
• एरिया १७ : डोळ्यांकडून आलेले संदेश बाह्यकात प्रथम पोहोचतात ती जागा.
• एरिया ४१ आणि ४२ : ऐकणे.
• एरिया ४४ आणि ४५ : बोलणे. बहुतेक लोकांमध्ये या कामात डावी बाजू महत्त्वाची असते.

क्रमांक ५२ पर्यंत जातात, पण माणसाच्या १९०९ च्या नकाशात १२ ते १६ आणि ४८ ते ५१ हे क्रमांक नाहीत. ही चूक नाही. काही भाग त्यांना इतर प्राण्यांत आढळले, माणसात त्यांची खात्रीने ओळख पटली नाही. प्राणी कोणताही असो, सारख्या भागाला सारखा क्रमांक असावा, हा त्यांचा प्रयत्न होता. म्हणून न सापडलेले क्रमांक त्यांनी रिकामे ठेवले. क्रमांक लहान म्हणजे भाग जास्त महत्त्वाचा, असाही अर्थ नाही.

हे समजायला गावाकडचे उदाहरण घ्या. एकाच शेताला आजोबा वडाचे शेत म्हणतात, काका खालचे रान म्हणतात आणि शेजारी विहिरीपलीकडचे म्हणतात. घरात बोलताना अडत नाही. पण तलाठी कार्यालयात सातबारा काढायला गेलात की गट क्रमांक लागतो. ब्रॉडमन यांनी मेंदूतल्या जमिनीला असे गट क्रमांक दिले.

मान्यता उशिरा आली, आयुष्य लवकर संपले

इतके मोठे काम करूनही बर्लिनमध्ये त्यांना विद्यापीठाची दारे उघडली नाहीत. अध्यापनाच्या पात्रतेसाठी त्यांनी लेमूर वर्गातील प्राण्यांच्या मेंदूवरचा प्रबंध सादर केला होता. बर्लिनच्या वैद्यकीय विद्याशाखेने तो नाकारला. १९१० मध्ये ते ट्युबिंगेन येथील मनोरुग्णालयात गेले. तिथे त्यांना प्रयोगशाळा मिळाली आणि १९१३ मध्ये प्राध्यापकपदही मिळाले.

१९१६ मध्ये ते हाले शहराजवळच्या नीटलेबेन येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. इथे त्यांच्या आयुष्यात स्थिरता आली. १९१७ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मार्गारेटे फ्रांके यांच्याशी विवाह केला. १९१८ मध्ये त्यांना मुलगी झाली. त्याच वर्षी एमिल क्रेपेलिन यांनी म्युनिकमध्ये नव्याने सुरू केलेल्या मानसिक आजारांच्या संशोधन संस्थेत त्यांना विभागप्रमुख म्हणून बोलावले. ज्यांची रंगपद्धत ब्रॉडमन यांनी आयुष्यभर वापरली, ते फ्रान्झ निस्सलही त्याच संस्थेत होते. मनासारखे काम आता कुठे सुरू झाले होते.

काही महिन्यांतच त्यांना जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. २२ ऑगस्ट १९१८ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि काही महिन्यांची मुलगी राहिली. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर दहा वर्षांनी, १९२८ मध्ये लागला.

रक्तात पसरलेल्या अशा संसर्गाला आज आपण सेप्सिस म्हणतो. आता प्रतिजैविके आणि अतिदक्षता विभाग आहेत, तरी वेळ दवडल्यास हा आजार आजही प्राण घेतो. संसर्ग झालेल्या व्यक्तीला गोंधळल्यासारखे होणे, श्वास जलद चालणे, लघवी कमी होणे, हातपाय थंड पडणे किंवा खूप गुंगी येणे, यापैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

नकाशे वाढले, नावेही वाढली

ब्रॉडमन गेले, पण मेंदूची मोजणी थांबली नाही. त्यांच्या आधी १९०५ मध्ये इंग्लंडमधून आल्फ्रेड कॅम्पबेल यांचा नकाशा आला होता. फोग्ट दांपत्याने बाह्यकाचे सुमारे दोनशे भाग मानले. १९२५ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन इकॉनोमो आणि कॉस्किनास यांनी आकड्यांऐवजी अक्षरांचे कोड वापरले.

आता एकाच जागेची नावे पाहा. दृष्टीची जी जागा ब्रॉडमन यांच्या नकाशात १७ आहे, तिला फॉन इकॉनोमो ओसी म्हणतात. तिथे नुसत्या डोळ्यांना दिसणारी एक पांढरी रेघ असते, म्हणून काही पुस्तकांत ती पट्टेदार बाह्यक आहे. माकडांवर काम करणारे तिला व्ही-१ म्हणतात. तुमच्या डॉक्टरांच्या तोंडी कदाचित प्राथमिक दृष्टिबाह्यक हे नाव येईल. जागा एकच, नावे पाच.

उलट प्रकारही होतो. नाव एकच असते, पण अर्थ वेगळे असतात. माकडाच्या नकाशातला एखादा क्रमांक आणि माणसाच्या नकाशातला तोच क्रमांक नेहमी सारखाच भाग दाखवतो, असे नाही.

ब्रॉडमन यांचा ग्रंथ जर्मन भाषेत होता आणि त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर थेट १९९४ मध्ये आले. तोपर्यंत जगभर चित्र आणि क्रमांक पोहोचले, मजकूर मात्र फार थोड्यांनी वाचला. भागांच्या सीमा सगळीकडे ठळक नसतात, काही ठिकाणी एक भाग हळूहळू दुसऱ्यात मिसळतो, हे त्यांनी स्वतः नोंदवले होते. चित्रात मात्र रेषा ठळक होत्या आणि लोकांनी त्या पक्क्या मानल्या.

ऑन्टॉलॉजी म्हणजे काय?

आज मेंदूची माहिती एका पुस्तकात नाही. कुठे उंदराच्या मेंदूत कोणती जनुके चालू आहेत याची चित्रे आहेत, कुठे चेतापेशींच्या आकारांचा संग्रह, कुठे एमआरआय, कुठे औषधांच्या चाचण्यांच्या नोंदी आणि कुठे लाखो शोधनिबंध. प्रत्येक साठा वेगळ्या संस्थेने, वेगळ्या हेतूने आणि आपापल्या शब्दांत बांधलेला आहे. साधा शोध फक्त अक्षरे जुळवतो. तुम्ही एरिया १७ लिहिले आणि निबंधात व्ही-१ असेल, तर तो निबंध तुमच्यासाठी नसल्यासारखाच.

यावर उपाय म्हणून ऑन्टॉलॉजी तयार करतात. तिच्यात तीन गोष्टी असतात.

१. प्रत्येक गोष्टीला एक कायमचा क्रमांक. नाव बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही.
२. त्या गोष्टीची सगळी नावे, म्हणजे जुनी, नवी, लघुरूपे आणि प्रतिशब्द.
३. नाती. ही पेशी कोणत्या भागात असते, तो भाग कशाचा हिस्सा आहे, ती कोणत्या प्रकारची पेशी आहे, हे सारे.

पहिल्या दोन गोष्टींनी नावांचा गोंधळ सुटतो. तिसऱ्या गोष्टीने शोध हुशार होतो. एक उदाहरण पाहू. गाबा हे मेंदूतील पेशींना शांत करणारे रसायन आहे आणि फीट थांबवणारी काही औषधे त्याचाच परिणाम वाढवतात. एखाद्या संशोधकाला गाबा सोडणाऱ्या सर्व चेतापेशींची माहिती हवी आहे. लहान मेंदूतील पुर्किन्ये पेशी गाबा सोडतात. पण पुर्किन्ये पेशींवरच्या एखाद्या निबंधात गाबा हा शब्दच नसेल, तर साध्या शोधाला तो सापडणार नाही. ऑन्टॉलॉजीला मात्र पुर्किन्ये पेशी गाबा सोडणाऱ्या गटातली आहे, हे ठाऊक असते. त्यामुळे तो निबंधही समोर येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या मदतीने २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या न्यूरोसायन्स इन्फर्मेशन फ्रेमवर्क या उपक्रमाने याच पद्धतीने अनेक माहितीसाठ्यांत एकत्र शोध घेण्याची सोय केली. मेंदूचे भाग, पेशी, रेणू आणि आजार यांच्या नावांचा कोश त्याच्या मुळाशी होता.

ब्रॉडमन यांच्या कामात याची पहिली अर्धी पायरी दिसते. प्रत्येक जागेला एक क्रमांक, आणि सगळ्या प्राण्यांत तोच क्रमांक. नात्यांची नोंद आणि सर्व प्रतिशब्द एकत्र ठेवणे, हे काम पुढच्या पिढ्यांनी केले. जुन्या सर्व्हे नंबरचा आजचा गट क्रमांक कोणता, हे सांगणारा तक्ता लागतो ना, तसेच हे आहे.

या नकाशाच्या मर्यादा

ब्रॉडमन क्रमांकाचा अर्थ लावताना काही गोष्टी लक्षात ठेवा.

• प्रत्येक माणसाच्या मेंदूतील घड्या थोड्या वेगळ्या असतात. भागांच्या सीमाही माणसागणिक सरकतात. पाठ्यपुस्तकातली रेष तुमच्या मेंदूत नेमकी तिथेच असेल, असे नाही.
• नेहमीच्या एमआरआयमध्ये पेशींची मांडणी दिसत नाही. अहवालातील ब्रॉडमन क्रमांक हा जागेवरून केलेला अंदाज असतो. म्हणूनच बोलण्याच्या किंवा हालचालीच्या भागाजवळ शस्त्रक्रिया करताना काही वेळा रुग्णाला जागे ठेवून प्रत्यक्ष तपासणी करतात.
• एक क्रमांक म्हणजे एक काम, असे नसते. बोलणे, आठवणे, निर्णय घेणे यांसाठी अनेक भाग एकत्र काम करतात. अमुक क्रमांकाचा भाग उत्तेजित करून स्मरणशक्ती किंवा स्वभाव बदलून देतो, अशी जाहिरात कोणी केली तर आधी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा.
• नवे नकाशे अधिक बारीक आहेत. २०१६ मध्ये २१० निरोगी व्यक्तींच्या एमआरआयवरून मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात १८० विभाग दाखवले गेले. जुने क्रमांक तरीही वापरात आहेत, कारण शंभर वर्षांचे ज्ञान त्यांच्या नावाने नोंदवलेले आहे.

तुमच्यासाठी याचा उपयोग काय?

आजारांची नावेही अशीच फसवतात. आपल्याकडे फीट, आकडी, फेफरे, मिरगी, अपस्मार आणि एपिलेप्सी हे शब्द एकाच आजारासाठी वापरतात. उलट झटका या एका शब्दाचा अर्थ हृदयविकाराचा झटका, मेंदूचा झटका किंवा आकडी, असा काहीही होऊ शकतो. लकवा म्हटले तर तो पक्षाघात असू शकतो किंवा फक्त चेहऱ्याच्या नसेची सूज, म्हणजे बेल्स पाल्सी. दोन्हींचे उपचार आणि पुढचा प्रवास पूर्णपणे वेगळा आहे. चुकीच्या शब्दाने इंटरनेटवर शोधलेत तर दुसऱ्याच आजाराची माहिती वाचून तुम्ही विनाकारण घाबराल, किंवा विनाकारण निश्चिंत राहाल. दुसरी चूक जास्त घातक आहे.

स्नायूंची ताकद हळूहळू कमी करणाऱ्या एका आजाराला कोणी एएलएस म्हणते, कोणी मोटर न्यूरॉन डिसीज, तर कोणी लू गेरिग आजार. यापैकी एकच नाव माहीत असलेल्या कुटुंबाला बाकीची माहिती, आधारगट किंवा औषधांच्या चाचण्या सापडत नाहीत. म्हणून पुढील गोष्टी करा.

१. निदानाचे पूर्ण नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. लघुरूप असेल तर त्याचे पूर्ण रूप विचारा.
२. या आजाराला आणखी कोणती नावे आहेत, हेही विचारा आणि सगळी फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.
३. आजाराचा आयसीडी कोड लिहून ठेवा. उदाहरणार्थ, आयसीडी-१० मध्ये अपस्मारासाठी जी ४०, पार्किन्सन म्हणजे कंपवातासाठी जी २०, अल्झायमरसाठी जी ३० आणि बेल्स पाल्सीसाठी जी ५१.० हे कोड आहेत. भाषा बदलली तरी कोड बदलत नाही.
४. जागेचा उल्लेख असेल तर बाजू नक्की पाहा. डावी की उजवी, हे रुग्णाच्या दृष्टीने लिहिलेले असते.
५. लक्षणे सांगताना एका शब्दावर थांबू नका. झटका आला म्हणण्याऐवजी काय झाले ते सांगा. हात कोणता हलला, शुद्ध होती का, किती मिनिटे चालले, नंतर बोलता येत होते का. शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा.
६. जुने अहवाल फेकू नका. तेव्हाचे नाव आज बदललेले असू शकते, पण त्यातले वर्णन उपयोगी पडते.

पाचवा मुद्दा दुर्मीळ आजारांत फार महत्त्वाचा ठरतो. लक्षणांच्या नावांची एक ऑन्टॉलॉजी २००८ पासून जगभर वापरली जाते आणि तिची सुरुवात बर्लिनच्याच शारिटे रुग्णालयात झाली. डॉक्टर रुग्णाची लक्षणे तिच्यातल्या ठरलेल्या शब्दांत नोंदवतात. मग जनुकीय तपासणीत सापडलेल्या असंख्य बदलांपैकी कोणता बदल या लक्षणांशी जुळतो, हे शोधणे सोपे होते. घरच्यांनी दिलेले बारीक वर्णन इथे खरोखर निदानापर्यंत पोहोचवू शकते.

भारतातही हे काम चालू आहे. आरोग्य नोंदींसाठी स्नोमेड सीटी हा वैद्यकीय शब्दांचा आंतरराष्ट्रीय कोश भारताने स्वीकारला आहे आणि आपला देश २०१४ पासून त्याच्या संघटनेचा सदस्य आहे. त्यासाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आहे. रुग्णालयाच्या संगणकात अशा कोशातून निदान नोंदवले गेले, तर एका शहरातली नोंद दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना त्याच अर्थाने वाचता येते.

एक खबरदारी मात्र घ्या. नाव आणि कोड हे माहिती शोधण्यासाठी आहेत, स्वतः निदान करण्यासाठी नाहीत. अहवालातला एखादा क्रमांक वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका. सापडलेली माहिती पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि ती तुमच्या बाबतीत लागू आहे का, हे विचारा. अचानक तोंड वाकडे होणे, हातापायाची ताकद जाणे, बोलणे अडखळणे किंवा दिसेनासे होणे, अशा वेळी तर काहीही शोधत बसू नका. ताबडतोब सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचा.

ब्रॉडमन यांना संगणक ठाऊक नव्हता आणि त्यांच्या हाती उणीपुरी सतरा-अठरा वर्षांची संशोधनाची कारकीर्द आली. एका डॉक्टरने पाहिलेले दुसऱ्याला ओळखता यावे, यासाठी त्यांनी कापामागून काप तपासून मेंदूच्या जागांना क्रमांक दिले. पुढच्या वेळी अहवालात त्यांचे नाव दिसले तर घाबरू नका. बोट ठेवून डॉक्टरांना विचारा, ही जागा कोणती आणि माझ्या बाबतीत तिथे काय आढळले आहे? उत्तर मिळाले की तेही फाइलमध्ये लिहून ठेवा.